आमच्या घरातलं विल आणि शॅल

आमच्या नांदे गावातल्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. एकाच खोलीत असलो तरी मामंजी म्हणणार, "तिला म्हनावं चहा ठेव," आणि ती म्हणजे मी, चार हातांवर उभी. मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ते मला सांगणार. ऐकलेलंच पुन्हा ऐकायचं. लग्न होऊन आले तेव्हा याचं हसू यायचं. पुढं पुढं चीड यायला लागली.

त्या दिवशी तर थांबायला वेळच नव्हता. मारुंजीच्या एका नर्सरीत ऑफिसात बसायचं काम मला मिळालं होतं, पालकांशी इंग्रजीत बोलायचं. सोमवारी हजर व्हा, पण येणार की नाही ते आज दुपारी दोनपर्यंत कळवा, नाहीतर दुसरी बाई तयार आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. याआधीचं एक काम मामंजींच्या "बघू"पायी गेलं होतं. आमच्याकडं बघू म्हणजे नाही. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "घरात हो म्हनले तर माझं काय न्हाई." घ्या, झालं.

इंग्रजी मला वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या ताईनं शिकवलं. ती लातूरकडची, हिंजवडीत आयटीत. त्या दिवशी घरूनच काम करत होती, म्हणून फोनवर काय बोलायचं ते घोकायला तिच्याकडं गेले. मी वाक्य जुळवलं, आय शॅल जॉइन ऑन मंडे.

"वहिनी, चूक नाही," ती म्हणाली, "पण असं आता फारसं कोणी बोलत नाही. शॅल उरलंय ते विचारण्यापुरतं. शॅल आय कम, म्हणजे येऊ का. तुमचं ठरलंय ना? मग विल म्हणा."

"ठरलंय कुटं. खाली अजून सांगायचंय."

"सांगायचंय की विचारायचंय?"

मला तिचा रागच आला. हिला काय जातंय बोलायला, हिच्या खोलीत सासरा बसलेला नाही. पण जिना उतरताना तेच डोक्यात. माहेरी जाऊ का, भिशीला जाऊ का, लग्न झाल्यापासून मी या घरात एवढंच तर बोलत आले होते.

खाली मामंजी जेवत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून आत्याबाईंना म्हणाले, "त्यांना सांगा, सोमवारपासनं मी मारुंजीला कामाला जानार हाय."

आत्याबाई वळल्या. "ती म्हंतीया, मारुंजीला कामाला जाऊ का?"

त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. भांडण नको म्हणून माझं प्रत्येक बोलणं त्या असंच मऊ करून पुढं सरकवायच्या. स्वतःचंही. मामंजी मान वर न करता म्हणाले, "बघू."

माझं डोकं सणकलं. दीड वाजून गेला होता. मी सरळ बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मामंजी, मी इचारत न्हाई. सांगतीया. सोमवारपासनं जानार हाय मी."

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ताट भिरकावतात. पण माझ्याकडं न बघता त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "काय म्हंतीया ती?"

ऐकलं होतं त्यांनी, चांगलं ऐकलं होतं. पुन्हा मऊ करून सांगायची वाट ते आत्याबाईंना करून देत होते. आत्याबाईंनी पदर सावरला, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. मी मनात म्हटलं, गेलं हेही काम.

"जानार हाय म्हंतीया," आत्याबाई म्हणाल्या. "सोमवारपासनं."

"आन् सकाळच्या भाकरी?"

"मी थापीन की," आत्याबाईच म्हणाल्या.

मामंजींनी हातातला घास तोंडात घातला आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. आत्याबाई आत आल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना दरदरून घाम फुटला होता. मी त्यांना पाणी दिलं, तर त्यांनी तांब्या बाजूला सारला.

"फोन लाव आदी," त्या म्हणाल्या. "माझा धीर हाय तवर."