रोहा ते निडी

लग्न होऊन बडोद्याला निघाले तेव्हा रोहा हे शेवटचं स्टेशन होतं. गाडी इथंच संपायची आणि इथूनच सुटायची. इंजिन डब्यांपासून सुटं व्हायचं, शेजारच्या रुळांवरून जाऊन दुसऱ्या टोकाला लागायचं. तोवर पोचवायला आलेली माणसं खुशाल आत बसून गप्पा मारायची. इंजिन जोडल्याचा धक्का बसला की उतरायचं, हे आपल्या गावात पोराबाळांनाही ठाऊक होतं.

आई अशीच माझ्याशेजारी बसली होती, मांडीवर पोह्याच्या पापडांचा डबा घेऊन. "तिकडं भात कमी खातात म्हणं. तू खात जा," एवढंच बोलली. धक्का बसला, ती उतरली. तिला घोर नको म्हणून मी रडले नाही.

मग कोकण रेल्वे झाली. गाड्या पुढे खेड-चिपळूणकडे जायला लागल्या. रोह्यात तुम्ही गावातले सगळे खूश होतात आणि मी बडोद्याला नवऱ्याच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये बसून जळत होते. आपल्या हक्काच्या खिडक्यांशी आता चिपळूणची माणसं आधीच बसून येणार, आणि आपल्याला गाडी मिळणार ती घटकाभर.

पण खरी आग लावली ती मंदाच्या फोनने. माझी ही धाकटी बहीण नर्सिंग शिकायला पनवेलला निघाली होती, चिपळूणकडून आलेल्या गाडीने. आई सवयीने आत जाऊन बसली, धक्क्याची वाट बघत. इंजिनाला टोक बदलायचंच नव्हतं, तर धक्का कुठला बसणार? गाडी सुटली आणि आई थेट पेणपर्यंत गेली. मंदाही तिच्याबरोबर उतरली. दोघींनी कारखान्यात गणपती रंगवताना पाहिले, एसटी स्टँडवर वडे खाल्ले. मंदा हसत हसत सांगत होती. मी "बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवून कुकरचं झाकण आपटलं. माझ्याबरोबर आई कधी पुढच्या स्टेशनापर्यंतही आली नव्हती.

मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा तांदूळ निवडणाऱ्या आईला चिडवलं, "कशी फसलीस त्या दिवशी!"

"फसते कशाला? शिट्टी ऐकली व्हती मी. मंदी रडत व्हती, कशी उतरू?" मग सुपातली नजर न काढता म्हणाली, "तू कधी रडली नायस गो. मला वाटलं, हिला माझी गरज नाय."

परत निघताना मी मुद्दाम रोह्याहूनच सुटणारी जुनी पॅसेंजर धरली. आई शेजारी बसली. धक्का बसला. ती उठली, आणि दोन पोरांची आई झालेल्या मी तिचा पदर मुठीत धरला. तिने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत बसली.

निडीला, पुढच्याच स्टेशनाला, उतरली. परत जाऊन शेताला पाणी सोडायचं होतं तिला.

माहेर कुठलं असं कुणी विचारलं तर मी रोहा सांगते. मनात मात्र रोहा ते निडी एवढंच येतं. मंदाला पेणपर्यंत मिळालं होतं, हे अजून सलतं.