डोळे मिटून चालवलेला रस्ता

आखातात, जुफैरच्या हॉटेलातून रेसिंग ट्रॅकवर माणसं पोचवायचं माझं काम. त्या आठवड्यात रोज सकाळी हॉलंडचा एक रेसर माझ्या शेजारी बसायचा. बसला की डोळे मिटायचा आणि नसलेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी फिरवायचा. उजव्या पायानं मॅट दाबायचा. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. ट्रॅकची वळणं मनात घोटायची ही त्याची सवय, पार लहानपणी कार्टिंगच्या छोट्या रेसगाड्या चालवायचा तेव्हापासूनची. मग मी रेडिओ बंद ठेवायला लागलो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी टीमनं त्याच्या गाडीत दुसऱ्याला बसवलं. मी त्याला विमानतळावर नेत होतो. त्यानं डोळे मिटले, हात उचलले, पण ते फिरलेच नाहीत.

"काय झालं, सर?"

"आठव्या वर्षापासून डोळे मिटले की रस्ता दिसायचा," तो म्हणाला. "आज काहीच दिसत नाही. तू रोज ट्रॅकवर पोचलो की म्हणतोस ना, खलास."

संध्याकाळी खोलीवर मी डोळे मिटले आणि दापोलीच्या एसटी स्टँडवरून घरी निघालो. अकरा वर्षं गावी गेलो नाही. मशिदीपर्यंत नीट पोचलो. पुढे कुठल्या हाताला वळायचं, ते आठवेना.