बांधलेलं पोट

पन्नासच्या दशकात हिंगणघाट तालुक्यातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी नवीन नर्स होते. त्या दिवशी डॉक्टरीणबाई अल्लीपूरला गेल्या होत्या. सकाळी बाळंत झालेल्या एका पहिलटकरणीपाशी तिची सासू बसली होती. पोट सुटू नये म्हणून तिनं जुन्या लुगड्याची घडी करून सुनेचं पोट करकचून बांधलं होतं. मी ते पाहिलं. पण म्हातारी जिभेची तिखट, आणि आदल्याच दिवशी आमची जुंपली होती. जाऊ दे म्हणून मी पुढे गेले.

दोन तासांनी तीच सांगत आली, "बाई, पोरगी सारख्या जांभया देऊन राह्यली. झोप आली वाटते तिले."

बाळंतिणीच्या सारख्या जांभया म्हणजे रक्त जात असल्याची खूण. चादर उचलली, तर खालची गोधडी रक्तानं भिजलेली. नाडी बारीक, पळती. धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडावं, हे पहिलं मनात आलं. पण तिच्यापाशी कोण थांबणार? आयाला हाक मारून निरोपाचं आणि इंजेक्शनचं सांगितलं आणि लुगड्याची गाठ सोडायला घेतली.

"काऊन सोडता? वारा शिरन नं पोटात." सासूनं माझा हात धरला.

"हात काढा आजी. पोरगी हातची जाईल." मी चक्क ओरडले.

रक्त थांबायला जे आकसून कडक व्हायला हवं, ते गर्भाशय कणकेसारखं मऊ पडलं होतं, एका बाजूला सरकलं होतं. तुंबलेल्या लघवीनं ते ढकललं गेलेलं, आणि घट्ट लुगड्याखाली कुणाला काही कळलं नव्हतं. सासरा व्हरांड्यात बसलेला, म्हणून लाजेनं पोरगी बोलली नव्हती. मी पोट चोळत राहिले. आया इंजेक्शन घेऊन आली, तशी सासूचा हात पोटावर ठेवला. "असं चोळा. थांबायचं नाही." मी सुई टोचली, रबरी नळीनं लघवी काढली. आयानं खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या.

जरा वेळानं सासू म्हणाली, "बाई, हे तं नारळावानी कडक झालं."

हात लावून पाहिला. खरंच. रक्तही थांबत आलं होतं. मी तिथंच फरशीवर बसले. तासाभरानं सुनेनं चहा मागितला, तेव्हा आम्ही तिघीही उगाच हसलो.

सासूचा हात अजून पोटावरच होता. "माह्यानंच झालं नं हे?" तिनं हळूच विचारलं.

"मी सकाळीच पाहिलं होतं, आजी. भांडण नको म्हणून बोलले नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"मंग भांडत जा नं, बाई," ती म्हणाली.