मोहरावरच्या माश्या

सुकापूरच्या भामाला वास यायचा, हे खरंच होतं. नवरा शिवा गेल्यावर त्यानं लावलेल्या आंब्यांखाली ती झोपडी करून राहिली. दुसरं घर तिला नव्हतं. धाकटा दीर काशिराम यानं राहू दिलं, पण दया म्हणून नव्हे, कामापुरतं. मोहर आला की भामा करंजा बंदरावरून माशांची डोकी, आतडी आणायची आणि करंड्यांत घालून फांद्यांना टांगायची. सडक्या वासावर माश्या येत, मोहरावर बसत आणि फळ धरे. मीठ मात्र लागू द्यायचं नाही, खारवलेल्या मासळीकडे माशी फिरकत नाही, हे तिला शिवानं शिकवलं होतं. गाव तिला माशीबाय म्हणे. लग्नात तिचं पान गोठ्याकडे मांडत, आणि तिचे आंबे मात्र मिटक्या मारत खात.

चोपन्न सालच्या माघात काशिरामच्या वेणूला बघायला पनवेलचे पाहुणे यायचे होते. त्यानं करंड्या उतरवून पुरल्या. तरी माश्या हटेनात. तेव्हा डासांसाठी आणलेली डीडीटी पाण्यात कालवून त्यानं सगळा मोहर भिजवून काढला.

"भावजी, माश्या मेल्या तर आंबं धराचं नाय," भामा पाया पडून सांगत होती.

"तुजी घाण गेली तरी बस," तो म्हणाला.

झाडांखाली माश्यांचा सडा पडला. वेणूचं जमलं. मोहर मात्र काळा पडून गळाला, कैरी औषधाला मिळाली नाही. यावर या गृहस्थानं काय करावं? चारचौघांत म्हणाला, "वांज बाय झाडांखाली राहिली, झाडा वांज झाली." झोपडी मोडली, गाठोडं रस्त्यावर टाकलं. भामा करंजाला गेली, मासळी साफ करायला. तिथं सगळ्यांनाच वास येतो.

पुढच्या मोहराला काशिराम नाकाला पंचा लावून तिच्यापुढं उभा.

"वयनी, पाटीभर डोकी दे. झाडा मोहरल्यान."

"मीच येतंय टांगाला," ती म्हणाली. "माजी झोपडी होती तितंच राहीन."

"तितं आता रेडा बांदलाय. तू फकस्त माल दे."

भामानं मान डोलावली. त्याला सावलीत बसवलं, प्यायला पाणी दिलं. मग त्याच्याकडे पाठ करून तिनं पाटी भरली, थराथराला मूठमूठ मीठ चोळत. झाडं शिवाची होती, तरी ती थांबली नाही.

"उंच टांगा, भावजी," ती म्हणाली, आणि पाटी त्याच्या डोक्यावर चढवून दिली.