टाकीतला लाल डोंगर

आज न्हाणीघराच्या फटीत सिलिकॉन भरलं आणि त्या आंबट वासाबरोबर बाबा आठवले. खाण बंद पडली होती, खनिज वाहणारा बाबांचा ट्रक दारात उभा आणि बाबा दिवसभर घरात. चवथीच्या मखराचा उरलेला थर्माकोल कोरून त्यांनी माशांच्या टाकीत मागे लावायला डोंगर केला. सिलिकॉनने तो काचेला चिकटवला आणि खरा रंग हवा म्हणून ट्रकच्या हौद्यातली खाणीची माती फासली. पाणी ओतताच टाकी लाल झाली.

"आता मासे सोडले तर दिसतले खंय?" आई वैतागली.

बाबा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत बसले. "खाण चालू आसताना आमची न्हंय अशीच दिसताली," गावच्या नदीबद्दल एवढंच म्हणाले. पाणी बदलायला मात्र उठले नाहीत.

तेव्हा मला तो आळस वाटला होता.