रंग गेलेलं पाणी

“पी,” पाटील म्हणाले.

सोमा कोतवालानं गुरुजींचे दोन्ही दंड मागून धरले होते. पाटलांच्या हातात विहिरीतून नुकताच भरलेला तांब्या होता. गाव विहिरीभोवती उभं होतं. त्यात माझी माय होती आणि तिच्या मागं धाकट्या भावाचा हात धरून मी. आमच्या घरी पहाटे बाबा हैज्यानं, पटकीनं गेले होते, त्यांना अजून उचललंही नव्हतं.

गुरुजींनी तांब्यात पाहिलं. पाणी काचेसारखं नितळ होतं.

“हे मी पिणार नाही,” ते म्हणाले. “यात रंग नाही. तुम्हीही पिऊ नका.”

पाटील गावाकडे वळले. “आयकलं? आपल्या विहिरीत जहर टाकून राह्यला हा, अन् सोता पेत नाई!”

पुढचं सांगण्याआधी हा माणूस कसा होता ते सांगते. नाहीतर एक मास्तर गावाच्या हाती सापडला एवढंच उरेल.

त्यांना गाव ‘लालदवा मास्तर’ म्हणायचं. तोंडावर गुरुजी, पाठीमागं लालदवा. त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायम कथ्थई रंगाची असायची. विहिरीत टाकायच्या लाल दवेचे ते डाग. दवेचे जांभळे खडे चांद्याहून बाटलीतून यायचे. ती वाटायचं काम सरकारनं गावोगावच्या मास्तरांवर टाकलेलं होतं, आणि बाकीचे मास्तर ती बाटली फळीवर ठेवून विसरून जायचे. आमचे विसरत नव्हते. ते आधी नागपूरला कॉलेजात रसायन शिकत होते. वडील वारले, शिक्षण सुटलं, आणि वडसा स्टेशनापासून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवरचं आमचं गाव त्यांच्या नशिबी आलं. कॉलेजात जे अर्धं राहिलं ते त्यांनी चौथीच्या पोरांवर पुरं केलं.

माणूस म्हणून ते गोड नव्हते. खडू फेकून मारायचे. एकदा तो माझ्या भुवईला लागला, खूण अजून आहे. गावकऱ्यांना ते चारचौघांत बैल म्हणायचे. बैलांना त्याचं काही वाटलं नसतं, गावाला वाटायचं. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजाऱ्याला विचारायचे, “तुमची विळी का गंजते, माहीत आहे?” तो मान हलवायचा. “ती जळते आहे. लाकूड भडाभडा जळतं, लोखंड सावकाश जळतं. एवढाच फरक.” शेजारी भाताकडे पाहायचा. ज्याला जेवायचं आहे त्याला विळीचं काय?

शाई आम्ही शाळेतच करायचो. जंगलातून हिरडे आणायचे, कुटून उकळायचे आणि त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा खार, टाकायचा. लिहिताना ती शाई फिकी दिसायची, सकाळी पाहावं तर अक्षर काळंभोर. गुरुजी विचारायचे, “रात्री कोण आलं होतं लिहायला?” पोरं म्हणायची, भूत. ते म्हणायचे, “हवा आली होती. हिराकसाकडून एक कण घेऊन गेली. ज्याचं गेलं त्याचं रूप पालटलं. एकानं दिल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही, आणि घेणारा नसेल तर देणारा देत नाही.”

कण कसले ते कोणी पाहिले नव्हते. मग त्यांनी चिंचोके आणले. मला उभं केलं, परकराचा ओचा पसरायला लावला. “ही लाल दवा. हिला पाच चिंचोके पाहिजेत. पाच मिळाल्याशिवाय हिचं पोट भरत नाही.” पाच पोरं समोर उभी केली. ती हिराकस. प्रत्येकाच्या मुठीत एकच चिंचोका. एकेकानं यायचं, माझ्या ओच्यात टाकायचं आणि रिकामा हात दाखवून बसायचं. पांडू नावाच्या पोरानं शहाणपणानं दोन टाकले. गुरुजींनी त्याचा कान पिळला. “हिराकसाजवळ एकच असतो! दुसरा काय बापाच्या घरून आणलास?” एकही चिंचोका भुईवर पडता कामा नये, एकही नवा जन्मता कामा नये. जितके हातांतून गेले तितकेच ओच्यात आले पाहिजेत. तसे आले की ते टाळी वाजवायचे. त्यांना मी हसताना पाहिलं ते त्याच वेळी.

मग काचेच्या ग्लासात त्यांनी हिराकसाचं पाणी घेतलं आणि त्यात लाल दवेचं पाणी थेंब थेंब सोडलं. थेंब पडायचा, लाल दिसायचा आणि विरून जायचा. पुष्कळ वेळानं एक थेंब विरला नाही. ग्लास गुलाबी झाला.

“आता देणारं कोणी उरलं नाही,” ते म्हणाले. “लाल दवा ही उपाशी बाई आहे. पानात काय वाढलं ते ती पाहत नाही, समोर येईल ते खाते. पोट भरलं की तिचा रंग जातो. रंग गेलेली लाल दवा कुणाच्या कामाची नाही. विहिरीचं पाणी सकाळी गुलाबी असेल तर समजा, ती रोग खाऊन अजून उपाशी आहे. पाणी नितळ असेल तर समजा, तिचं जेवण झालं, आणि रोग शिल्लक असू शकतो.”

चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. एवढं एक डोक्यात राहिलं. मी हुशार होते म्हणून नाही. ओच्यात चिंचोके पडताना मजा वाटली होती म्हणून.

त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी हैजा आला. मोहाची फुलं वेचून झाली होती, विहिरीत पाणी खाली गेलं होतं. खालच्या टोल्यात, गावाच्या खालच्या वस्तीत, एक बाई गेली तशी गुरुजींनी बादलीत दवा कालवून विहिरीत ओतली. दुसऱ्या सकाळी पाणी गुलाबी. गुरुजी खूश, गाव नाखूश. भात लालसर दिसू लागला. बाया म्हणाल्या, हे रगत आहे. मातामायच्या, गावदेवीच्या दगडावर असलं पाणी घालायचं कसं?

सोमा कोतवाल शाळेत आला तेव्हा मी तिथंच शाळेचं अंगण सारवत होते. सोमा म्हणाला, “गुरुजी, एक सांगू का जी? मातामायनं सपनात लाल पाणी मांगलं, असं सांगून द्या. मी दवंडी देतो. सारे पेतीन.”

“खोट्याच्या पायावर खरं उभं राहत नाही, सोमा.”

“नाई राहो जी. लोकं तं राहतीन.”

गुरुजींनी त्याला हाकलून दिलं. मला विचाराल तर सोमाचं बरोबर होतं. एक खोटं बोलायचं होतं, तेही देवीच्या नावानं, आणि त्या गावात देवीच्या नावानं रोज कोणी ना कोणी बोलत होतंच. पण हा माणूस ताठ. बाटलीतली दवा संपत आली होती. दवा आणि डॉक्टर आणायला ते गाडी जुंपून वडसाला निघाले. जाताना विहिरीजवळ उभं राहून ओरडले, “रंग आहे तोवर प्या! रंग गेला की पिऊ नका!” लोक हसले. अख्ख्या जगात माणूस गढूळ सोडून नितळ पाणी पितो, आणि हा उलटं सांगतो.

ते गेले आणि पाटलांनी आंबील काढली. आमच्याकडे रोगराई आली की घराघरातून तांदळाच्या कण्यांची आंबट आंबील मातामायला नेत, आणि दगडाला घालून उरलेली विहिरीत ओतत. मायचा ताप पाण्यात उतरतो, तो थंड करायचा. वाजतगाजत गाव गेलं. गाडगी रिकामी झाली. माझ्या मायनंही आमचं गाडगं ओतलं. मी काठावरून पाहत होते. लाल पाणी आधी तपकिरी झालं, मग पिवळट. सकाळी गाळ खाली बसला होता आणि वर पाणी असं नितळ, की तळाची घागर दिसावी.

लोकांनी हात जोडले. “मायनं घेतलं! मायनं घेतलं!”

घेतलं होतं खरं. मायनं नव्हे.

मी घरी माझ्या मायला म्हटलं, “हे पाणी नको पेऊ. आंबीलनं दवेचं पोट भरलं.”

“काऊन वो, लय शिकली का तू? लालदवाची पोरगी झाली का?” असं म्हणून तिनं एक ठेवून दिली. बाबा तांब्या तोंडाला लावून पीत होते. दोन दिवस गुलाबी पाण्याला तोंड लावलं नव्हतं त्यांनी, तहानलेले होते. मी घागर घेऊन नाल्यात गेले, वाळू उकरून झिरा केला आणि त्याचं पाणी पिऊ लागले. त्यावरून आणखी बोलणी खाल्ली.

दोन दिवसांत घराघरात माणसं पडली. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले, आणि त्याच सकाळी गुरुजी परतले. डॉक्टर मिळाला नव्हता, तो दुसऱ्या गावांत फिरत होता. दवा मिळाली होती. गाडीतून उतरले ते तडक विहिरीवर. पाणी पाहिलं आणि बाटलीचं बूच काढलं. तिथंच त्यांना धरलं. गावात मरण, विहिरीवर मास्तर, हातात बाटली. गावाला आणखी काय पाहिजे होतं?

पाटलांनी बाटली काठावर आपटली. ओल्या मातीत खडे पडले आणि जांभळे डाग पसरत गेले. बाया मागं सरकल्या. गुरुजी म्हणाले, “त्यातलाच एक खडा द्या, तांब्यात टाकतो आणि तुमच्यादेखत पितो.” पाटील म्हणाले, “जसं आमी पेतो तसंच पेवाचं.” मग तांब्या त्यांच्या तोंडात घातला. पहिला घोट त्यांनी थुंकला. नाक दाबल्यावर दुसरा गेला, तिसराही गेला. सोमा रडत होता, पण त्यानं दंड सोडले नाहीत.

रात्रीपासून त्यांना जुलाब-उलट्या लागल्या. शाळेत पडून होते, जवळ कोणी जाईना. दुसऱ्या दिवशी मी झिऱ्याचं पाणी नेलं. डोळे आत गेले होते, कथ्थई बोटांची कातडी सुरकुतली होती.

“कुठलं पाणी?”

“झिऱ्याचं जी.”

“उकळून आण.” मग म्हणाले, “विहिरीचा रंग का गेला, सांग.”

“आंबील टाकली जी. तिचं पोट भरलं.”

“बरोबर,” ते म्हणाले. “बस. एवढंच तर होतं.”

मला त्यांनी बरोबर म्हटलं ते पहिल्यांदाच. मी पाणी उकळून आणलं तोवर त्यांना ते गिळता येत नव्हतं. संध्याकाळी ते गेले.

विहीर नंतर सरकारी माणसांनी येऊन पुन्हा लाल केली. बंदूकवाला शिपाई सोबत होता, म्हणून तेव्हा कोणी आंबील ओतली नाही.

माझी माय गुरुजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली, धाकटा भाऊ तिच्या पाठोपाठ. पाटील जगले. सोमा जगला. आमच्या घरातून मी जगले.