हंड्यावरचं नाव
टँकरच्या पाण्याचा गंजका वास आला की चिकलठाण्याची ती दुपार आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं. नव्या वसाहतीत इमारती भराभर उठत होत्या, नळ मात्र कोरडे होते. घटस्फोटानंतर मी कागदोपत्री माहेरचं नाव परत घेतलं होतं आणि तिथं नुकतीच राहायला आले होते. आईनं लग्नात दिलेल्या हंड्यावर मात्र सासरचंच नाव कोरलेलं होतं, नवऱ्यानं अंगठीनं तांदळात लिहून ठेवलेलं. टँकर आला की शेजारच्या मावशी रांगेतल्या हंड्यांवरची नावं वाचून एकेकीला पुढं बोलवायच्या, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी ते नाव पुकारलं. दोन पावलांवर उभी असून मी पुढं झाले नाही. त्यांनी मलाच विचारलं, "ही बाई कुठं गेली गं? लई वेळ झाला की." मी म्हणाले, "ती इथं राहत नाय." मावशींनी हंडा बाजूला सारला. पाणी संपलं. मी हंडा तिथंच टाकून रिकाम्या हातानं घरी आले. आज दारावर माझंच नाव आहे. तरी तो वास आला की वाटतं, ती अजून त्या उन्हात उभी आहे, आणि तिचा नंबर मी घालवला.